‘येथे अग्निसंस्कार झाला’ एवढा निकष पुरेसा आहे का? सीमाभागातील एका स्मशानभूमीच्या नामफलकाचे प्रकरण

प्रस्ताव आणि जागा

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तरेकडील एका नगरपालिकेच्या हद्दीत, नदीकाठी असलेल्या सार्वजनिक स्मशानभूमीचे नूतनीकरण सुरू असताना, नव्या दर्शनी भिंतीवर शहरातील थोर दिवंगतांची नावे कोरावीत, असा अर्ज काही नागरिकांनी केला. नगरपालिकेने भिंत देण्यास हरकत घेतली नाही. मात्र नावे ठरवण्याची जबाबदारी नागरिकांच्या एका लहान समितीवर सोपवली. या समितीत कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे होते. शहराचे आणि यादीतील स्थानिक व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. ज्यांची नावे भिंतीवर लागली त्यांचे आणि ज्यांची लागली नाहीत त्यांचेही वारस गावातच राहतात, बाजारात रोज एकमेकांना भेटतात, आणि कोणाच्याही घरातील मृत्यू चर्चेत ओढला जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. तरीही प्रकरण लिहून ठेवणे आवश्यक वाटते, कारण सीमाभागातील बहुतेक गावांत आता स्मशानभूम्यांना कमानी, शेड, बाग आणि फलक होत आहेत आणि आम्हाला अडलेला प्रश्न तेथेही आज ना उद्या उभा राहणार आहे.

जागेची कल्पना यावी म्हणून थोडे वर्णन करतो. कमानीतून आत गेल्यावर उजव्या हाताला पत्र्याची दोन शेड आहेत व प्रत्येकात दोन लोखंडी चितास्थाने आहेत. डाव्या हाताला पाण्याचा हौद, लाकडांची वखार आणि शेणी रचून ठेवण्याची खोली आहे. होळीत शेणी जाळण्याऐवजी त्या पंचगंगा स्मशानभूमीला दान देण्याची जी रीत कोल्हापुरात रुजली आहे, तिचे अनुकरण येथील काही मंडळे करतात आणि होळीनंतर ती खोली छतापर्यंत भरते. त्यापलीकडे श्रद्धांजलीची भाषणे होतात तो कट्टा आहे. या सगळ्या आवारात नावे नाहीत असा एकही कोपरा नाही. सिमेंटच्या बाकांच्या पाठीवर, हौदाच्या कठड्यावर, शेडच्या खांबांवर, अगदी नळाच्या चौथऱ्यावरही ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशा काळ्या ग्रॅनाइटच्या पाट्या आहेत. काहींवर शके आणि तिथी, काहींवर इंग्रजी तारीख, आणि जवळपास सर्वांवर दिवंगताच्या नावाखाली देणगीदार मुलांची नावे, तीही बहुधा आईवडिलांच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत. एका बाकावरची पाटी अर्धी फुटलेली आहे. वरचे नाव गेले आहे आणि देणगीदारांची तिन्ही नावे शाबूत आहेत.

म्हणजे या स्मशानभूमीत स्मरणाची प्रथा होतीच, पण ती ज्याला बाक देता आला त्याच्यापुरती होती. अर्ज करणाऱ्यांचा हेतू याला उतारा शोधण्याचा होता आणि तो मला मनापासून पटला होता. ज्यांनी शाळा काढल्या, तालमी चालवल्या, दुष्काळात लोकांना धान्य दिले, त्यांची नावे कोणाच्या ऐपतीवर अवलंबून न राहता गावाच्या खर्चाने लागावीत, असे त्यांचे म्हणणे होते.

नाव सोडून मागे काय राहते

समितीच्या पहिल्याच बैठकीत एका सदस्याने विचारले की स्मशानभूमीतच फलक का, वाचनालयात किंवा नगरपालिकेच्या सभागृहात का नको. हा प्रश्न बिनमहत्त्वाचा नव्हता. लंडनच्या गोल्डर्स ग्रीन येथील १९०२ साली सुरू झालेल्या दहनगृहात थोरांच्या स्मृतीला एक भौतिक आधार असतो. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉईड याची रक्षा तेथे एका प्राचीन ग्रीक कलशात ठेवलेली आहे, आणि लोक ती पाहायला जातात तेव्हा त्या माणसाचे काहीतरी तेथे खरोखरच असते. आपल्याकडे तसे नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होते, अस्थी व रक्षा नदीत जातात, लोखंडी जाळी धुतली जाते आणि त्याच जागी दुसरी चिता रचली जाते. स्मशानभूमीत मागे राहते ती केवळ वहीतील नोंद.

अपवाद अर्थातच आहेत, आणि त्यातील एक तर आपल्या अगदी शेजारचा आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडच्या दौऱ्यावरून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. उघड्यावर दहन करण्याची रीत त्या शहराला माहीत नव्हती. खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. पुढे त्या ठिकाणी छत्री उभारून तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवण्यात आला आणि नंतरच्या काळात जवळ झालेल्या पुलालाही त्या ‘भारतीया’वरूनच नाव पडले. लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली, त्यामुळे आमच्या भागात त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा आहे. त्यांचेही दहन १९२० साली नेहमीच्या स्मशानात न होता खास परवानगीने गिरगाव चौपाटीवर झाले आणि तेथेच त्यांचा पुतळा उभा राहिला. दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. चिता सर्वसामान्य स्मशानाबाहेर रचली गेली म्हणून ती जागा त्या एका माणसाची झाली. सार्वजनिक स्मशानभूमीतील चितास्थान मात्र कोणाचेच होत नाही, आणि माझ्या मते तेच त्याचे मोठेपण आहे.

तरीही फलक तेथेच असावा असे ठरले, आणि त्यामागचे कारण साधे होते. वाचनालयात वाचणारे जातात. स्मशानभूमीत सगळ्यांनाच जावे लागते, आणि चिता पेटल्यानंतर तासदीड तास बसून राहावे लागते. त्या वेळात माणसे समोरची भिंत वाचतात.

निकष

अर्जासोबत आलेल्या यादीत तीसेक नावे होती. दुसऱ्याच आठवड्यात ती दुप्पट झाली. प्रत्येक गल्लीला, प्रत्येक सहकारी संस्थेला आपापला थोर पुरुष आठवला. थोरवीचे मोजमाप करायला बसलो तर भांडण अटळ होते, म्हणून समितीने एक वस्तुनिष्ठ वाटणारा निकष पुढे ठेवला. ज्या व्यक्तीवर या स्मशानभूमीत अग्निसंस्कार झाला आणि ज्याची नोंद दाखवता येते, तीच या भिंतीसाठी पात्र. फलक स्मशानभूमीचा आहे, तेव्हा तो तेथे आलेल्यांचाच असावा, हे तर्काला धरूनच होते. त्यावर कोणाला पक्षपाताचा आरोप करता येत नव्हता आणि म्हणून तो चटकन मंजूर झाला.

या निकषाने काही गोष्टी खरोखरच सोप्या केल्या. जिल्ह्यातील मोठी नावे आपल्या भिंतीवर असावीत असा आग्रह धरणारा एक गट होता. त्यांच्या यादीत इंदिरा संत होत्या. तवंदीत बालपण आणि बेळगावात उभी हयात गेलेल्या या कवयित्रीवर सीमाभागाचा हक्क आहे यात शंकाच नाही. परंतु त्यांचे निधन २००० साली पुण्यात झाले. बॅरिस्टर नाथ पै यांचेही नाव होते. वेंगुर्ल्याचा हा संसदपटू १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात वारला, सीमाभागात १७ जानेवारीला पाळल्या जाणाऱ्या हुतात्मा दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, आणि शहापुरातील चौक आजही त्यांचे नाव सांगतो. या दोघांविषयी आदर असूनही आमच्या गावच्या स्मशानभूमीशी त्यांचा संबंध जोडणे ओढूनताणून झाले असते, हे निकषामुळे कोणालाही न दुखावता सांगता आले.

सीमालढ्यातील हुतात्म्यांचा विषय अधिक नाजूक होता. मराठी भाषकांच्या बैठकीत त्यांची नावे निघणे स्वाभाविक होते. १७ जानेवारी १९५६ रोजी झालेल्या गोळीबारात मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारागडी आणि निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांना मरण आले. १९८६ च्या जूनमधील कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक हिंडलगा येथे आहे. दरवर्षी १७ जानेवारीला आणि १ जूनला लोक हुतात्म्यांना अभिवादन करायला जमतात. माझे मत तेव्हाही असे होते आणि आजही आहे की, ज्यांच्या स्मृतीला स्वतःची जागा आणि स्वतःचा दिवस आहे त्यांना एका गावच्या भिंतीवर पन्नास नावांच्या रांगेत बसवल्याने त्यांचा सन्मान वाढत नाही. चर्चा बराच वेळ चालली, आवाजही चढले, पण शेवटी हे म्हणणे मान्य झाले.

वह्यांतून दिसलेले गाव

त्यानंतर नोंदी काढण्याचे काम सुरू झाले. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे स्मशानभूमीची व्यवस्था पाहणाऱ्यावरही मृत्यूची खबर निबंधकाला देण्याचे बंधन आहे. त्यामुळे १९७० नंतरच्या नोंदी बऱ्याच अंशी सलग सापडतात. त्याआधीच्या वह्यांचे चित्र निराळे आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि जिल्ह्याच्या नकाशात संस्थानांचे तुकडेही होते. शहापूर सांगली संस्थानाचे होते, तर रायबाग कोल्हापूरचे. एकाच कुटुंबातील आजोबांची नोंद एका दप्तरात आणि आजीची दुसऱ्या संस्थानाच्या दप्तरात असे सर्रास घडते. आमच्या गावच्या जुन्या वह्यांत आधी मोडी, मग बाळबोध मराठी आणि १९५६ नंतर हळूहळू कन्नड अशी लिपी बदलत जाते. मोडी वाचणारे एक निवृत्त तलाठी समितीला लाभले नसते तर पहिल्या तीन वह्या आम्ही नुसत्या झटकून ठेवल्या असत्या.

वही आडवी, कापडी पुठ्ठ्याची आहे. रकाने असे आहेत: अनुक्रम, तारीख, मयताचे नाव, वय, जात, राहण्याची गल्ली, मरणाचे कारण, खबर देणाराचे नाव. पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ आणि बापाचे नाव. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचे नाव. कारणाच्या रकान्यात ताप, दम, खोकला, म्हातारपण हे चारच शब्द पुन्हा पुन्हा येतात. काही पानांवर शाई इतकी फिकट झाली आहे की पान उन्हाकडे तिरपे धरल्याशिवाय अक्षर लागत नाही.

या वह्या वाचताना पहिली अडचण स्त्रियांची आली. मूळ यादीत स्त्रीचे एकही नाव नव्हते. ते लक्षात आणून दिल्यावर तीन नावे सुचवण्यात आली, त्यातले सर्वांना एकमुखाने मान्य झालेले नाव एका सुईणीचे होते. गावातील आज साठीसत्तरीत असलेल्या कितीतरी जणांचा जन्म तिच्या हातचा आहे, आणि ती रात्री-अपरात्री कोणत्याही वस्तीत जात असे, जात पाहत नसे, हे सांगणारी माणसे हयात आहेत. परंतु तिला सगळा गाव ज्या नावाने ओळखत होता ते घरचे नाव; वहीत ते नव्हते. लग्नातील नाव तिच्या नातवंडांनाही खात्रीने सांगता येईना. ‘कोम’पुढचे नवऱ्याचे नाव धरून शोधावे तर त्या नावाची चार माणसे त्या गल्लीत होती. अशा रीतीने सर्वमान्य ठरलेली एकमेव स्त्री ‘नोंद दाखवता येते’ या अटीवर बाद होऊ लागली.

दुसरी अडचण धर्मरिवाजाची होती. लिंगायत समाजात दफनाची रीत आहे. देह बसलेल्या स्थितीत रुद्रभूमीत ठेवला जातो. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी आपले धान्याचे कोठार उघडले असे सगळे गाव सांगते, ते व्यापारी लिंगायत होते. तालमीत तीन पिढ्या पोरांना कुस्ती शिकवणारे वस्ताद मुसलमान होते आणि ते कब्रस्तानात आहेत. निकषाप्रमाणे दोघेही अपात्र. यावर एका सदस्याचे उत्तर असे की त्यांच्या त्यांच्या भूमीत त्यांच्या समाजाने फलक लावावेत. हे वरकरणी समजूतदारपणाचे बोलणे आहे. पण त्या वस्तादांच्या हाताखाली तयार झालेली बहुतेक पोरे मराठा समाजाची होती आणि त्यांच्या जनाज्याला निम्मा गाव होता. ते कोणा एका समाजाचे थोर नव्हते.

ओढ्याकाठची जागा

तिसऱ्या अडचणीने मात्र निकषाचा पायाच उघडा पाडला.

यादीत एका जलसाकाराचे नाव होते. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला बहिष्कृत परिषद भरली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्या परिषदेला गावातून चालत गेलेल्या तरुणांत ते होते आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी डफ आणि तुणतुण्यावर गावोगाव समतेची कवने गायिली. गावात दलित वस्तीतील मुलांची पहिली रात्रशाळा त्यांच्या ओसरीवर भरत असे. त्यांची नोंद नदीकाठच्या स्मशानभूमीच्या वहीत सापडली नाही. मी पुढची आणि मागची पाच-पाच वर्षे पाहिली. नंतर लक्षात आले की त्यांचीच नव्हे, त्यांच्या वस्तीतील कोणाचीच नोंद त्या वह्यांत नाही.

स्मशानभूमीत अनेक वर्षे काम केलेल्या मामांना याविषयी विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, ‘‘सर, हिकडं आणलेल्यांचंच माझ्याकडं लिवलेलं असतंय की. वड्याकडच्या लोकांचं कोण मला सांगायचं? ते त्येंचं त्येंनीच करायचे.’’

ओढ्याकडची जागा म्हणजे गावाच्या दक्षिणेला, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी एक पडीक पट्टी. तेथे शेड नाही, हौद नाही, वखार नाही, बाक नाहीत, म्हणून पाट्याही नाहीत. आणि रखवालदार नसल्यामुळे वही नाही. त्या वस्तीतील मृतांना नदीकाठच्या सार्वजनिक स्मशानभूमीत आणण्यास आज कोणी उघडपणे अडवत नाही, आणि अलीकडे काही अंत्यविधी तेथे झालेही आहेत. पण त्या जलसाकारांचा मृत्यू झाला त्या काळात ती वाट बंद होती, हे गावातील प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत आहे. ‘येथे अग्निसंस्कार झाला’ ही अट घालताना आम्ही थोरवीचा वाद टाळला होता. प्रत्यक्षात मात्र ज्यांना येथे येऊ दिले गेले नाही, त्यांना येथे आले नाहीत म्हणून वगळण्याचे काम ती अट करत होती. वह्यांत खोटे काही नव्हते. जुना भेदभाव त्यांत जसाच्या तसा उतरला होता, आणि पुरावा म्हणून त्या वह्या पुढे केल्या की तो भेदभाव नव्या ग्रॅनाइटवर कोरला जाणार होता.

बैठकीत हे मांडल्यावर काही काळ कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की, नियम एकदा सर्वांसाठी केला आहे, तो एका माणसासाठी वाकवला तर उद्या प्रत्येक जण सवलत मागेल. त्यांचा मुद्दा मला चुकीचा वाटला तरी तो दुष्टबुद्धीचा नव्हता. समित्या नियमाला चिकटून राहतात कारण नियम सुटला की ओळखीपाळखी सुरू होतात, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून अपवाद करण्याऐवजी नियमच तपासावा, असे मी सुचवले.

दोन दाखले

निर्णय बदलण्यास उपयोगी पडले ते दोन दाखले, आणि दोन्ही बाबासाहेबांच्याच स्मृतीशी जोडलेले आहेत.

पहिला मुंबईचा. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यानंतर बाबासाहेबांचे पार्थिव मुंबईत आणण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी, तेथील स्मशानभूमीजवळ, बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाला. त्या जागी उभारलेल्या स्तूपाचे उद्घाटन डिसेंबर १९७१ मध्ये त्यांच्या सूनबाई मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. म्हणजे चिता आणि चैत्यभूमी यांच्यात पंधरा वर्षांचे अंतर आहे. त्या पंधरा वर्षांतही लोक तेथे येतच होते. लोकांचे येणे आधीचे आहे, बांधकाम नंतरचे.

दुसरा दाखला खुद्द बेळगावचा. २०१४ पासून काँग्रेस नेते सतीश जारकीहोळी आणि मानव बंधुत्व वेदिका या अंधश्रद्धाविरोधी संघटनेचे कार्यकर्ते ६ डिसेंबरला सदाशिवनगरच्या स्मशानभूमीत कार्यक्रम घेतात, तेथेच जेवतात आणि रात्र काढतात. स्मशान अपवित्र असते, तेथे भूतबाधा होते, ही भीती घालवणे हा त्यामागचा हेतू आहे. राजकीय पक्षाविषयी कोणाचे मत काहीही असो, आमच्या प्रश्नापुरते महत्त्वाचे इतकेच की, बाबासाहेबांवर सदाशिवनगरात अग्निसंस्कार झालेला नाही आणि तरीही दरवर्षी त्या शहराच्या स्मशानभूमीत त्यांचे स्मरण होते, आणि त्यात विसंगत असे कोणालाही वाटत नाही. थोर माणसाचे स्मरण आणि त्याचा देह जेथे पंचत्वात विलीन झाला ती जागा यांची सांगड घातलीच पाहिजे असे नाही, हे येथे डोळ्यांनी दिसते.

ठरले ते

समितीने अखेर जुना निकष मागे घेतला. नवा निकष असा ठरला की, व्यक्तीने या गावासाठी किंवा या गावात राहून काम केलेले असावे, तिच्या मृत्यूला किमान दहा वर्षे झालेली असावीत आणि कामाविषयी एक तरी लेखी पुरावा असावा. लेखी पुरावा मिळण्यासारखी परिस्थितीच नव्हती तेथे कुटुंबाबाहेरच्या, शक्यतो दुसऱ्या समाजातील दोन वयोवृद्ध माणसांची स्वाक्षरीनिशी साक्ष चालावी. दहा वर्षांची अट मी आग्रहाने घालून घेतली. मृत्यूनंतर लगेच नाव लावण्याची घाई बहुधा कुटुंबाची आणि पक्षाची असते. दहा वर्षांनंतरही लोकांना आठवणारे काम पुष्कळदा खरे असते.

प्रत्येक नावासमोर काम एका ओळीत आणि त्याखाली विसाव्याची जागा लिहायची, हा या सगळ्यातील महत्त्वाचा भाग. नदीकाठची स्मशानभूमी, रुद्रभूमी, कब्रस्तान, ओढ्याकाठची भूमी, किंवा परगावी निधन, जे असेल ते. पहिल्या मसुद्यात ‘ओढ्याकाठची भूमी’ हे शब्द गाळावेत, त्याने जुन्या जखमा उकरल्या जातील, अशी सूचना आली होती. जलसाकारांच्या नातवाला विचारले असता त्याने ते शब्द असलेच पाहिजेत असे सांगितले. त्यानंतर त्यावर चर्चा झाली नाही.

कै., वैकुंठवासी, लिंगैक्य, ह.भ.प. ही सर्व उपपदे वगळण्यात आली. नाव, काम, साल, जागा, एवढेच. देणगीदाराचे नाव कोठेही नाही. भिंतीचा खर्च लोकवर्गणीतून झाला, आणि वर्गणीची वही वाचनालयात कोणालाही पाहता येते.

भाषेचा प्रश्न अपेक्षेपेक्षा लवकर सुटला. भिंत नगरपालिकेची असल्याने कन्नड वर असणार, हे उघड होते. भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या १९५६ च्या केंद्रीय ज्ञापनात जेथे अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असे सुचवलेले आहे, आणि आमच्या गावात मराठी भाषक त्याहून कितीतरी अधिक आहेत. तो आधार घेऊन मराठी मजकुराची मागणी लेखी केली. अक्षराचा आकार दोन्ही भाषांत सारखा ठेवावा, ही सूचना समितीतील कन्नड भाषक सदस्यानेच केली, आणि तिच्यामुळे एरवी महिनोन्महिने चिघळला असता असा विषय एका बैठकीत संपला. सीमाभागात असे घडते आणि ते वर्तमानपत्रांत क्वचितच येते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

सुईणीचे नाव गाव ज्या नावाने ओळखत असे त्याच नावाने कोरले आहे. सालाची जागा कोरी सोडली आहे. कागद सापडला तर भरता येईल, आणि न सापडल्यास ती कोरीच राहील.

पुढचे काम

फलक लागला. या प्रकरणातून निघालेले दुसरे काम मात्र अजून बाकी आहे, आणि माझ्या दृष्टीने ते फलकाहून मोठे आहे. ओढ्याकाठच्या जागेला आजही शेड नाही आणि वही नाही. नोंदणीच्या कायद्यात एका जागेची वही ठेवावी आणि दुसरीची ठेवू नये असे कोठेही म्हटलेले नाही. तेथे होणाऱ्या अंत्यविधींची नोंद नदीकाठच्याच वहीत, त्याच अनुक्रमाने व्हावी, जातीचा रकाना नसावा, आणि पावसाळ्यापूर्वी तेथवर पक्का रस्ता व पत्र्याचे एक शेड व्हावे, असा अर्ज समितीने सर्व सदस्यांच्या सह्यांनिशी नगरपालिकेला दिला आहे. नोंदीपुरती मागणी तोंडी मान्य झाली असून मामांनी नव्या वहीत ओढ्याकडच्या नोंदी घेण्यास सुरुवात केली आहे. रस्ता आणि शेड यांचा समावेश या वर्षीच्या कामांच्या यादीत झालेला नाही. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकापूर्वी पुन्हा अर्ज करण्याचे आणि त्या वेळी वस्तीतील कुटुंबांच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन जाण्याचे ठरले आहे.